चौदाव्या तोटीचं नाव

आमच्याकडे माणसाला नाव विचारत नाहीत, कुणाची गं तू, असं विचारतात. मी कुरिगरांची. आईन्सीडेल्नच्या मोठ्या चौकाच्या तोंडाशी, मठाच्या बरोबर समोर, मधाचे मेंढे भाजतात ते कुरिगर. मेंढे म्हणजे मध घातलेल्या पिठाचे, लाकडी साच्यात दाबून काढलेले. यात्रेकरू ते घरी नेतात, फडताळात ठेवतात आणि दात शाबूत असले तर खातात. आजोबा भाजत होते, बाबा भाजत होते, आता अडुसष्टाव्या वर्षी मी भाजते. माझं नाव बाल्बिना, पण ते सगळं म्हणण्याइतका वेळ गावात कुणाला नाही, त्यामुळे बाल्बी.

मला एक भाऊ. अकरा महिन्यांनी धाकटा, झेनो. भट्टी दोघांनी मिळून चालवायची असं बाबा जाताना सांगून गेले होते. चोविसाव्या वर्षी झेनो मठात गेला. लांब कुठे नाही, समोर. आमच्या दारापासून मठाच्या दारापर्यंत फार तर दोनशे पावलं. मी भट्टीशी बांधली गेले. राप्पर्सविलचा एक घड्याळजी माझ्यासाठी दोन हिवाळे थांबला, तिसऱ्या हिवाळ्यात त्यानं दुसरी बघितली. त्याला मी दोष देत नाही. दोष कुणाला द्यायचा ते माझं पक्कं होतं.

लोक म्हणायचे, "अगं, देवाच्या घरी गेलाय, त्यात एवढं रागावण्यासारखं काय?" मी म्हणायचे, "जावं की देवाच्या घरी. पण बहिणीला सांगून जावं. हा न सांगता गेला." हे वाक्य मी त्रेचाळीस वर्षं सांगत आले. आता गावात ते कुरिगरांच्या मेंढ्यांइतकंच प्रसिद्ध आहे.

मठात गेलं की नाव बदलतं. आईनं ठेवलेलं नाव, भिजलेला कोट दारात काढून ठेवावा तसं बाहेर राहतं आणि आत नवं मिळतं. झेनोचा ब्रदर गेरोल्ड झाला. हे कळलं त्या दिवशीच मी जाहीर करून टाकलं की हे नाव माझ्या जिभेवर येणार नाही. दर नाताळला त्याचं पत्र यायचं. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव, ब्रदर गेरोल्ड. मी त्यावर लिहायचे, 'या नावाच्या माणसाला मी ओळखत नाही', आणि पाकीट न फोडता पोस्टमनच्या हातात परत. पोस्टमन बिर्खलर बिचारा चौक ओलांडून ते मठात टाकून यायचा. एकदा म्हणाला, "बाल्बी, तुमच्या भांडणात माझ्या बुटांचे तळ गेले." मी म्हटलं, "मग रबरी लाव."

झेनोकडे मठाचे घोडे होते. रोज सकाळी तो एखादी घोडी घेऊन आमच्या गल्लीतून कुरणाकडे जायचा. टापा ऐकू आल्या की मी शटर खाली ओढायचे, टापा गेल्या की वर करायचे. समोरची शेजारीण माझ्या शटरवर घड्याळ लावायची.

यंदा ऑगस्टच्या शेवटी टापा बदलल्या. घोडी तीच होती, धरणारा हात दुसरा होता. झेनो लगाम उजवीकडे जरा सैल सोडायचा, त्यामुळे घोडीचं एक पाऊल उशिरा पडायचं. ते पाऊल आता वेळेवर पडत होतं. मी शटर ओढायचं विसरून उभी राहिले. घोडीबरोबर कुणी उंच, लाल मानेचा ब्रदर चालला होता. त्याच आठवड्यात मठाचा शिक्का असलेलं एक पाकीट आलं होतं. नाताळ नसताना आलं, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. पण हाताला सवय. मागचं नाव सुद्धा न वाचता मी त्यावर तेच लिहिलं आणि परत दिलं होतं.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. विचारायचं तर कुणाला? माझ्यापुढे त्याचा विषय काढायचा नाही हा कायदा मीच केलेला, आणि गाव इतकं आज्ञाधारक निघेल असं मला वाटलं नव्हतं. मी दुकानात शिरले की खाटीक एकदम हवामानावर बोलायला लागायचा. बरं, विचारायचं तरी कसं? ब्रदर गेरोल्ड कसे आहेत, असं? जीभ उचलायचीच नाही. माझा भाऊ जिवंत आहे की नाही एवढं सुद्धा मला ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक करून घ्यायला जो एक शब्द लागणार होता तो मी त्रेचाळीस वर्षांपूर्वी टाकून दिला होता. पीठ मळताना मी मनाशी म्हणायचे, काही बरंवाईट झालं असतं तर घंटा वाजली असती. मग वाटायचं, मठाच्या घंटा काय, रोजच वाजतात. मला भीती वाटत होती. दुसरा शब्द नाही त्याला.

नोव्हेंबरात आमच्याकडे तलावावरून धुकं चढतं. तो बुधवार होता, मृतांच्या सणानंतरचा. धुक्यानं सकाळी आधी मठाचे दोन मनोरे नेले, मग चर्चच्या पायऱ्या, मग कारंज्यावरची सोनेरी मरियामाता. दुपारी तीनपर्यंत माझ्या दारापुढे काही म्हणता काही उरलं नव्हतं. फक्त पाणी ऐकू येत होतं. चौकातल्या कारंज्याच्या चौदा तोट्यांचं पाणी. गावातलं माणूस ते कधी ऐकत नाही. त्या दिवशी ऐकायला दुसरं काही नव्हतं. पाठीला भट्टीची ऊब, डोळ्यांपुढे सगळं पांढरं. मी उभ्या उभ्या पेंगले असेन. मला वाटलं मी लहान आहे, आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी आमच्या आंघोळीचं पाणी काढतंय, आणि आधी कोण शिरणार म्हणून आमचं भांडण चाललंय.

"अगं ए पोरी!"

पांढऱ्यातून हाक आली. पोरी म्हणजे मी, हे कळायला मला जरा वेळ लागला.

"तुलाच म्हणते, मधाच्या वासात उभी आहेस ती! इकडे ये जरा!"

मी आवाजाच्या रोखानं चालत गेले. कारंज्याच्या कडेला एक म्हातारी उभी होती. नव्वदीची तरी असेल. जाडजूड कोट, एका डोळ्यावर पट्टी, हातात पत्र्याचा पेला, नाकाचा शेंडा लाल.

"मोतीबिंदू काढलाय," पट्टीकडे बोट दाखवत ती म्हणाली, जणू मी विचारलंच होतं. "मी आपोलोनिया. माँटाफोनची. आमच्या बसमधले सगळे कॉफीला पळाले. भक्ती कमी आणि लघवी फार. मी म्हटलं, आधी पाणी पिऊन घेते."

"मग प्या की."

"दोनदा फिरले. एकदा बारा भरल्या, एकदा सोळा. हे गोल आहे मेलं! कुठून सुरुवात केली तेच हरवतं. त्यात हा एकच डोळा, त्यात हे धुकं. ते काही नाही, तू इथं उभी राहा. या पहिल्या तोटीपाशी. माझी खूण हो."

कारंज्याची गोष्ट आमच्याकडे दूधपित्या पोराला सुद्धा ठाऊक असते. प्रभू एकदा या वाटेनं गेला आणि इथं पाणी प्याला. पण चौदांपैकी कुठल्या तोटीचं प्याला ते कुणालाच माहीत नाही. म्हणून यात्रेकरू चौदाच्या चौदा तोट्यांचं पितात. न जाणो, एक राहिली आणि तीच त्याची असली तर? गावातले आम्ही मात्र त्या पाण्याला तोंड लावत नाही. ते काम आम्ही बाहेरच्यांवर सोडलंय.

"आजी, माझं दुकान उघडं आहे," मी म्हटलं.

"कुठंय दुकान?"

मी मागे वळून बघितलं. दुकान नव्हतं. गल्ली नव्हती. माझ्या दारावरचा पितळी मेंढा, जो डोळे मिटून सुद्धा मला दिसतो, तो नव्हता.

"नाहीय ना? मग उभी राहा."

मी उभी राहिले. मी एरवी कुणाचंच ऐकत नाही, पण त्या दिवशी पाय तिथेच राहिले. आपोलोनियानं पहिल्या तोटीखाली पेला धरला, एक घोट घेतला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "उलरिश." मग दुसऱ्या तोटीला, "मार्टा." प्रत्येक तोटीला एक घोट आणि एक नाव. तिसऱ्या तोटीनंतर ती दिसेनाशी झाली. नुसती नावं येत राहिली, पाण्याच्या आवाजातून, एकेक करून.

"कोनराड. यानं मला फसवलं होतं, पण राहू दे. ... हेडविग. ... धाकटी हेडविग. ... लीसी."

"लीसी कोण?" मी धुक्यालाच विचारलं.

"गाय होती. पण माणसांपेक्षा बरी."

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं कोण जाणे. नावं आता पलीकडच्या बाजूनं येत होती. कारंजं एवढं मोठं नाही, पण म्हातारी कुठल्यातरी लांबच्या गावाला वळसा घालून येतेय असं वाटत होतं. एकेका नावानंतर ती थोडी थांबायची. मला वाटायला लागलं की धुक्यात ती एकटी नाही, हाक मारलेली माणसं एकेक करून तिच्या मागे उभी राहताहेत, आणि ती गाय पण. मी घाबरले नाही. उलट बरं वाटत होतं, कुणीतरी हजेरी घेतंय असं.

मग ती माझ्या डाव्या हाताला धुक्यातून बाहेर आली. दम लागला होता. माझ्या शेजारची तोटी चौदावी.

"तेरा झाल्या," ती म्हणाली. "आणि माझी नावं संपली. गेल्या वर्षी पुरली होती. कुणाला तरी विसरतेय बघ. शेवटची तोटी रिकामी कशी सोडू? तू दे एखादं."

"मी? माझं कोणी नाही."

"कोणी नाही असं कसं होईल? खूण म्हणून उभी राहणारी बाई तू, नीट सरळ उभी होतीस. अशा बायकांचं कोणीतरी असतं. दे लवकर, हात गारठले."

"झेनो," मी म्हटलं. ते पटकन आलं. ते आतच असतं.

तिनं पेला तोटीखाली धरला, आणि मग पुन्हा बाहेर काढला. "जिवंत की गेलेला?"

"माहीत नाही."

"माहीत नाही? कुठे असतो?"

"इथेच." मी मठ होता त्या बाजूला हात केला. "मठात. ब्रदर आहे. माझा भाऊ."

"मग झेनो कसा?" आपोलोनियाचा उघडा डोळा माझ्यावर वटारला गेला. "आत गेल्यावर नाव बदलतात ना? माझा पुतण्या ब्रदर झाला होता. घरचं नाव तिथं चालत नाही. अगं, वर देवाच्या वहीत किती झेनो असतील! नीट सांग, आता काय म्हणतात त्याला?"

मी ॲप्रनला हात पुसायला लागले.

"माहीत नाही हेही?"

"माहीत आहे. मी ते घेत नाही."

"किती वर्षं?"

"त्रेचाळीस."

म्हातारीनं नाक पुसलं. मला वाटलं आता उपदेश येणार. गावातल्या तीन फादरनी करून बघितला होता, सगळे हात झटकून गेले. पण ती नुसती चिडली. "हे बघ पोरी, तुझं भांडण तुझ्यापाशी. माझी चौदावी तोटी खोळंबलीय. बस सव्वापाचला सुटते. मी आणखी किती वर्षं येणार? पुढच्या वर्षी मीच कुणाच्यातरी तोटीवर असेन. घे नाव."

पाणी पडत होतं.  ते नाव घेतलं म्हणजे तो घर सोडून गेला हे मी कबूल केलं. नाव घेतलं नाही तोवर तो आमच्याच घरातून कुठेतरी बाहेर गेलेला होता, अजून. हे मला तोवर कधी कळलं नव्हतं, तिथे उभ्या उभ्या कळलं.

"गेरोल्ड," मी म्हटलं.

मला वाटलं होतं कडू लागेल. काहीच लागलं नाही. कुणाचंही असावं तसं एक नाव.

"मोठ्यानं."

"ब्रदर गेरोल्ड!"

"हं." तिनं पेला भरला आणि माझ्या हातात दिला. "तुझा माणूस आहे, तूच पी."

पाणी इतकं गार होतं की दात कळवळले. आणि मग मी विचारलं, एखाद्या लहान मुलीनं विचारावं तसं, "आजी, पण तो मेला असेल तर?"

"तर माझ्या यादीत बसेल. निम्मे तसेच आहेत." तिनं पेला कोटाच्या खिशात कोंबला. "आणि नसेल तर तू इथं काय करतेयस?"

तेवढ्यात साडेचारची घंटा झाली. मी तिचे आभार मानायला वळले तर ती कॉफीच्या वासाच्या दिशेनं निघालेली होती, पाठ धुक्यात अर्धी विरघळलेली. "साखर दोन चमचे!" असं कुणावर तरी ओरडलेलं ऐकू आलं.

मी पायऱ्या चढले. ॲप्रन तसाच. चर्चमध्ये धुकं शिरलं होतं, किंवा तो धूप असेल. रविवारी मी एका ठरावीक खांबामागे बसते, जिथून मठातले लोक दिसत नाहीत. त्या दिवशी मी खांबाच्या पुढे उभी राहिले. काळ्या मातेला, म्हणजे आमच्या मरियामातेच्या काळ्या मूर्तीला, त्या दिवशी जांभळा झगा होता. मठातले सगळे, फादर आणि ब्रदर, रोजच्यासारखे तिच्यासाठी गाणं म्हणायला दोघादोघांच्या रांगेनं आले. काळ्या कपड्यांची जोडी, मग जोडी, मग जोडी. शेवटाकडे एक ब्रदर एकटाच चालत होता. तो लाल मानेचा. त्याच्या उजव्या हाताला एका माणसाची जागा होती, आणि तो ती सांभाळून चालत होता, कुणाला लागू नये म्हणून चालतो तसा.

मठात कुणी वारलं की मागचा माणूस एक पाऊल पुढे सरकतो, जागा ठेवत नाहीत. हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. आणि ही जागा ठेवलेली होती, झेनोची. जिवंत होता.

गाणं संपेपर्यंत मी थांबले नाही. बाजूच्या दारानं बाहेर पडले आणि मठाच्या दाराची घंटी ओढली. खिडकीमागे ब्रदर प्लासिदुस होता. दारावर बसून बसून म्हातारा झालेला, कानात केस, चष्मा कपाळावर.

"मला ब्रदर गेरोल्डना भेटायचंय," मी म्हटलं. दुसऱ्यांदा ते सोपं गेलं. मला स्वतःचा थोडा अभिमानच वाटला, खोटं कशाला बोलू.

प्लासिदुसनं चष्मा खाली घेतला, माझ्याकडे बघितलं, ॲप्रनकडे बघितलं.

"बाल्बिना कुरिगर," तो सावकाश म्हणाला. "त्रेचाळीस वर्षांनी आलीस, आणि चुकीचं नाव घेऊन आलीस."

"चुकीचं कसं? तुम्हीच ठेवलंत ना?"

"आम्हीच ठेवलं. पण त्या नावाला तो आता ओ देत नाही." त्यानं दार उघडलं आणि मला आत घेतलं. "ऑगस्टमध्ये तबेल्यात पडला. डोक्यात रक्तस्राव झाला. जगला, पण मधली सगळी वर्षं गेली बघ. गेरोल्ड म्हटलं की तो इकडेतिकडे बघतो, कुणाला हाक मारताय म्हणून. मग मी पण बघतो, काय करणार. म्हणतो, माझं नाव झेनो."

"मला कळवलं का नाहीत?" माझा आवाज चढला.

"कळवलं. मठाधिपतींनी स्वतः लिहिलं." तो शांतपणे म्हणाला. "तू परत पाठवलंस. तुझं अक्षर छान आहे."

मी भिंतीला टेकले. दोन महिने. दोन महिने तो माझ्या दारापासून दोनशे पावलांवर बसून सगळ्यांना सांगत होता की मी झेनो आहे, आणि त्याला त्या नावानं ओळखणारं एकच माणूस समोर शटर वर-खाली करत होतं.

"फार वेळ बसू नकोस," प्लासिदुस म्हणाला. "थकतो. परवापासून जेवणही गेलंय. डॉक्टर म्हणतात..." तो थांबला. "जा. आणतो त्याला."

भेटीच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक उंच खिडकी. खिडकीत धुकं. त्याला चाकांच्या खुर्चीतून आणलं आणि खिडकीशी ठेवून प्लासिदुस निघून गेला. केवढासा झाला होता. मान पोराची असावी तशी बारीक, मांडीवर घोंगडी, आणि घोंगडीवर दोन्ही हात मुठी करून, काहीतरी घट्ट धरल्यासारखे.

"झेनो," मी म्हटलं.

तो लगेच वळला. "हो," म्हणाला, आणि गिऱ्हाइकाशी हसावं तसं हसला. "या, बाई. मेंढे हवेत ना? जरा थांबावं लागेल तुम्हाला. बहीण आत आहे."

मी विचारलं, "आत?"

त्यानं मी आले त्या दाराकडे मान केली. "पीठ मळतेय. हाक मारू नका, चिडेल. मीही तिच्यासाठीच थांबलोय."

"कशासाठी?"

"मला निघायचंय. लांब नाही, समोरच. पण तिला सांगितल्याशिवाय कसा निघू?" त्यानं मुठी आणखी आवळल्या, आणि मला कळलं की तो मांडीवर पेटी धरून बसलाय. बाबांची, दोरी बांधलेली. "दोनदा हाक मारली. ऐकतेय ती. मळायचं थांबते आणि पुन्हा सुरू करते."

"किती वेळ झाला?"

"झाला असेल अर्धा तास."

तो गेला त्या दिवशी अर्धा तासच झाला होता. मी आत होते. त्यानं दोनदा हाक मारली, आणि तिसरी ऐकू येऊ नये म्हणून मी पीठ फळीवर आपटायला लागले. त्याच्या बुटांचा आवाज मला येत होता, दारापर्यंत जायचा, परत यायचा. मग दाराची घंटी वाजली. त्याच दुपारी शेजारीण आली तेव्हा मी तिला सांगितलं, न सांगता गेला. आणि मग मी ते सगळ्यांना सांगितलं, इतक्या वर्षांत इतक्यांदा, की ते खरं झालं.

"रागावली असेल ती," मी म्हटलं. माझा आवाज माझा वाटत नव्हता.

"बाल्बी? छे!" त्याला ते इतकं चुकीचं वाटलं की तो पुढे झुकला, आणि गुपित सांगावं तसं हळू बोलला. "रडतेय. रडताना कुणी बघितलेलं तिला चालत नाही, लहानपणापासून. म्हणून बाहेर येत नाही. येईल, तोंड धुऊन येईल. मी आहे की."

मी उठले. "मी आत जाऊन बघते," म्हटलं.

"बघा," तो म्हणाला. "पण घाई करू नका तिला."

मी दार ओढून घेतलं. बाहेर लांब, पांढरा, रिकामा बोळ. चौकातलं पाणी इथवर ऐकू येत होतं, किंवा माझ्या कानात राहिलं होतं. मी तिथे किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. कुठे उभी होते तेही नीट सांगता येणार नाही. हातांना पीठ लागलंय असं वाटत होतं, आणि दाराच्या पलीकडे बुटांचा आवाज येत होता. मग मी दार ढकललं आणि बाहेर आले. आत गेले असं म्हणायला हवं, पण मी बाहेर आले.

त्यानं मान वर केली. मघाशी अनोळखी असलेलं माझं तोंड त्यानं नीट बघितलं, आणि त्याचा सगळा चेहरा उजळला.

"आलीस! किती वेळ, बाल्बी!" मुठी सैल झाल्या. "बरं, मग. येतो मी."

मी तोंड धुतलं नव्हतं. तशीच, डोळ्यांतून धारा लागलेली, त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले, त्याला नीट दिसेल अशी.

"ये, झेनो," मी म्हटलं. "ये."